पाषाण आणि भाकर : मंगळवेढ्याची भूमिकथा

मंगळवेढे म्हटले की मराठी मनाला प्रथम संतांची नावे आठवतात. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली करणारे दामाजीपंत इथले. गावकुसाच्या भिंतीखाली गाडले गेलेले चोखोबा इथेच राहिले आणि इथेच गेले. पंढरीच्या देवळात विठ्ठलचरणी देह ठेवणारी कान्होपात्रा ही या गावची लेक. आणि कल्याणला जाण्यापूर्वी महात्मा बसवेश्वरांनी जिथे राजाच्या कोषागारात सेवा केली, तेही हेच नगर. या चरित्रांवर कीर्तने झाली, नाटके झाली, चित्रपट झाले. परंतु ही चरित्रे ज्या भूमीवर घडली तिच्याकडे पाहण्याची सवड आपल्याला फारशी मिळालेली नाही.

आम्हाला वाटते, ती सवड काढावयास हवी. कारण दामाजी आणि चोखोबा या दोन कथांचे मूळ एकाच खडकात आहे. एका कथेत तो खडक माती होऊन धान्य पिकवतो, दुसरीत तो दगड होऊन माणसांना चिरडतो. भाकर आणि दगड हे दोन शब्द असे शेजारी शेजारी आले की शुभवर्तमान वाचणाऱ्या घरांना काही आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हा त्या खडकापासूनच आरंभ करू.

भीमा आणि माण यांच्या मध्ये

पंढरपूरहून आग्नेयेस सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की मंगळवेढे लागते. सोलापूरहून यायचे तर पंचावन्न किलोमीटरांच्या आसपासचे अंतर आहे. वाटेत डोंगर असा नाहीच. क्षितिजापर्यंत पसरलेली काळी रानेच तेवढी दिसतात. चैत्र-वैशाखात ही रामे उघडी पडतात तेव्हा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि मार्गशीर्ष-पौषात त्याच जमिनीवर पुरुषभर उंचीची ज्वारी डोलत असते. उत्तरेला भीमा वाहते. साताऱ्याच्या माण तालुक्यातून निघालेली माण नदी म्हसवड, आटपाडी, सांगोला अशी कोरड्या मुलखातून येऊन पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. दक्षिणेकडे जावे तशी जमीन हलकी होत जाते. काळ्या रानाची जागा मुरमाड बरड घेते, आणि मग उघडेबोडके माळ लागतात. या माळांवरची गावे पिढ्यान् पिढ्या पाण्यासाठी आभाळाकडे पाहत आली आहेत.

पाऊस मुळातच थोडा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापूरच्या या पट्ट्यात सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि तोही बहुधा परतीच्या वाटेवरचा. अशा मुलखाला ज्वारीचे कोठार म्हणावे हे नवलच आहे. त्या नवलाचे उत्तर आभाळात मिळत नाही, ते जमिनीखाली आहे.

अग्नीतून आलेला खडक

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतभूमी आज आहे तिथे नव्हती. विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरातील आजच्या रियुनियन बेटाजवळून ती उत्तरेकडे सरकत होती. त्या काळी तिच्या पाठीवरचे कवच लांबच लांब भेगांनी उकलले आणि त्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडू लागला. आपल्या डोळ्यांपुढे ज्वालामुखी म्हटला की शंकूसारखा डोंगर येतो. इथे तसे झाले नाही. हा रस पातळ होता. पूर आल्यासारखा तो सपाट पसरत गेला, थिजला, त्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा. असे लोटावर लोट साचत गेले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. आपला जवळजवळ सारा महाराष्ट्र या एका खडकावर उभा आहे. त्याला शास्त्रज्ञ बसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण म्हणतो.

सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन हजार मीटरच्या घरात जाते. डोंगरउतारावर ते पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून भूगर्भशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. पूर्वेकडे यावे तसे हे थर पातळ होत जातात. लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे भूकंपानंतर विंधन घेतले, तेव्हा बसाल्टची जाडी सुमारे ३४० मीटर भरली आणि त्याखाली फार प्राचीन खडक लागला. मंगळवेढे या दोन टोकांच्या मध्ये बसते.

ज्याला हा ग्रंथ वाचावयाचा असेल त्याने डोंगर चढण्याची गरज नाही. या भागातील एखाद्या जुन्या विहिरीत डोकावले तरी पुरे. वर काळी माती. तिच्याखाली पांढरट चुनखडीचे खडे मिसळलेला थर. मग मुरूम, म्हणजे कुजत चाललेला खडक, जो कुदळीने निघतो. त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. आणखी खाली वडारी मंडळी ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊसर, भोकाभोकांचा खडक. शिलारस थिजताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर आला आणि अडकून पडला, त्याची ही भोके. पुढे पाझरणाऱ्या पाण्याने त्यांत पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजे भरली. विहीर खणताना निघणाऱ्या चमकत्या गारगोट्या पोरेसोरे घरी घेऊन जातात, त्या याच. आणि कधी कधी दोन पाषाणांच्या मध्ये विटकरी रंगाचा मातीचा पट्टा दिसतो. एक लोट येऊन गेल्यावर दुसरा येण्यापूर्वी मधल्या काळात खडकावर माती तयार झाली होती. नंतरच्या तप्त रसाने ती भाजून निघाली. वडाराने हे शास्त्र पुस्तकात वाचलेले नसते. परंतु कोणत्या थराला पाणी लागेल आणि कोणता थर कोरडा जाईल हे तो हातातल्या पहारेच्या आवाजावरून सांगतो.

थर असा वाचण्याचा नियम प्रथम स्पष्टपणे मांडला तो नील्स स्टेन्सन या डॅनिश पंडिताने, १६६९ साली. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, इतका तो साधा आहे. परंतु त्यापूर्वी तो कोणी शास्त्राचा पाया म्हणून घातला नव्हता. लॅटिनमध्ये स्टेनो या नावाने ओळखला जाणारा हा शरीरशास्त्रज्ञ १६६७ साली कॅथलिक झाला, १६७५ मध्ये धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप. दारिद्र्याचे व्रत कठोरपणे पाळून १६८६ साली तो निवर्तला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्याला धन्यवादित घोषित केले. पृथ्वीचे वय आणि श्रद्धा यांचे वैर आहे असे समजणाऱ्यांनी भूस्तरशास्त्राचा हा जनक बिशपांच्या मालिकेत बसलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

खडकाची माती, मातीची ज्वारी

काळा पाषाण कठीण खरा, पण अमर नव्हे. त्यात लोह, चुना आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण मोठे असते, वाळूचा अंश त्या मानाने कमी. ऊन, पाऊस आणि हवा यांनी तो हजारो वर्षे कुजला की त्याची वाळू होत नाही. अतिशय बारीक कणांची चिकण माती होते. या मातीच्या कणांची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असते. पाणी मिळाले की ते पानांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते आणि भेगाळते.

या एका गुणात मंगळवेढ्याची सारी कृषिसंस्कृती साठलेली आहे. भाद्रपद-आश्विनात परतीचा पाऊस पडतो, तो भेगांतून खोलवर मुरतो. माती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी आत कोंडले जाते. उत्तरा-हस्ताच्या सुमारास तिफण चालते. त्यानंतर पाऊस पडला तर देवाची कृपा, न पडला तरी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढते. शेतकरी कोळपण्या करून वरची माती मोकळी राखतो, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. कोरडवाहू असे जिला आपण म्हणतो ती शेती खरोखर साठवलेल्या पाण्याची शेती आहे. फक्त तिचे धरण मातीच्या कणाकणांत बांधलेले आहे.

त्यातून जे पिकते ती मालदांडी. मोत्यासारखा टपोरा, पांढरा दाणा, गोडसर भाकरी आणि जनावरांना आवडणारा कडबा, यांमुळे तिची कीर्ती दूरवर गेली. याच स्थानिक मालदांडीतून शेजारच्या मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्वातंत्र्यपूर्व काळात ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निवडले गेले आणि दख्खनच्या रब्बी रानांवर अनेक दशके त्याचेच राज्य राहिले. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही चव या भूमीची आहे, दुसऱ्या मातीत ती तशी उतरत नाही, याला कायद्याने मान्यता दिली. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या अग्नीचा शेवट असा भाकरीत झाला.

माचणूरचा काठ

भूमीचे सौंदर्य पाहावयाचे असेल तर मंगळवेढ्याहून सोलापूरच्या वाटेवर माचणूरला थांबावे. इथे भीमेचा काठ उंच आहे. काठावर सिद्धेश्वराचे जुने दगडी मंदिर, त्याच्यापुढे नदीत उतरणारा घाट आणि पात्रातल्या खडकावर जटाशंकराचे लहानसे देऊळ. पूर आला की ते पाण्याने वेढले जाते, पूर ओसरला की काळ्या खडकासह पुन्हा वर येते. भीमाशंकरला उगम पावून रायचूरजवळ कृष्णेला मिळेपर्यंत सुमारे ८६० किलोमीटर वाहणाऱ्या या नदीने आपले पात्र याच पाषाणात कोरले आहे. जिथे खडक मऊ तिथे ती पसरते, जिथे कठीण तिथे खडकाचे कट्टे उघडे पडतात. पंढरपूरला तिने घेतलेले चंद्रकोरीसारखे वळण तर वारकऱ्यांच्या हृदयात चंद्रभागा होऊन बसले आहे. तिच्याच परिवारातील कुकडी नदीने निघोज येथे पाण्यात फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात जे रांजणखळगे कोरले, ते पाहिले म्हणजे पाणी आणि काळ यांच्यापुढे पाषाणही कसा लोण्यासारखा होतो याची प्रचीती येते.

या शांत काठावर एके काळी हिंदुस्थानची राजधानीच येऊन बसली होती, असे सांगितले तर आज खरे वाटणार नाही. १६९५ च्या मे महिन्यात औरंगजेबाने माचणूरजवळच्या ब्रह्मपुरी येथे आपली छावणी आणली, तिला इस्लामपुरी असे नाव दिले, आणि ऑक्टोबर १६९९ पर्यंत इथूनच साम्राज्याचा कारभार केला. माचणूरचा किल्ला त्याच काळाची खूण आहे. महाराणी येसूबाई आणि बाल शाहू त्या वेळी बादशहाच्या कैदेत, छावणीबरोबरच होते. ही छावणी म्हणजे चालते-फिरते शहर होते. ती भीमेवर येण्यापूर्वी दोन महिने, मार्च १६९५ मध्ये, कृष्णाकाठच्या गलगली येथे जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने ती पाहिली होती. तो गोव्याहून आला होता, आणि त्याने लिहून ठेवलेले छावणीचे आणि वृद्ध बादशहाचे वर्णन इतिहासकार आजही वापरतात.

ज्या सत्तेला मराठ्यांनी दमवले तिला या भूमीनेही आपला हात दाखविला. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला मोठा पूर आला आणि छावणीची अपार हानी झाली. बादशहाने स्वहस्ते प्रार्थना लिहिलेले कागद पुराच्या पाण्यात सोडविले, अशी त्या काळच्या तवारिखेत नोंद आहे. पुढे १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीच्या काठी खवासपूर येथे तळ असताना कोरड्या वाटणाऱ्या त्या नदीने मध्यरात्री असा काही लोंढा आणला, की छावणीत हाहाकार उडाला. घाईने बाहेर पडताना बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला.

यात चमत्कार नाही, खडकाचा स्वभाव आहे. काळा पाषाण पाणी आत घेत नाही. त्याच्यावरची चिकण माती एकदा भिजून फुगली की तीही घेत नाही. मग दूर डोंगरात पडलेला पाऊस थेट नदीत उतरतो आणि आभाळ निरभ्र असलेल्या गावाला रात्रीतून पाण्याने वेढतो. नदीकाठची गावे उंचवट्यावर का वसली, हे इथल्या कुणब्याला ठाऊक होते. छावणीच्या सरदारांना ते ठाऊक नव्हते.

भिंत

आता पाषाणाच्या दुसऱ्या रूपाकडे वळावयास हवे. मंगळवेढे हे जुने राजनगर. कलचुरी घराण्याची सत्ता इथे होती. बाराव्या शतकाच्या मध्यास बिज्जलाने चालुक्यांचे सिंहासन बळकावून कल्याण ही राजधानी केली, तोपर्यंत त्याचे ठाणे मंगळवेढेच होते. अशा नगराला देवळे हवीत, वाडे हवेत आणि तटही हवा. त्या शतकांतील मंदिरे आपण पाहतो तेव्हा थक्क होतो. चुन्याचा थेंब न वापरता, दगडाला दगडाची खाच घालून बांधलेली ती देवळे आठशे वर्षे उभी आहेत. पाथरवटाने एकेक चिरा तपासला, ठोकून त्याचा नाद ऐकला, मोजून बसवला. त्या कामाला वेळ दिला गेला होता, पैसा दिला गेला होता, आणि मुख्य म्हणजे मान दिला गेला होता.

गावकुसाच्या भिंतीला यांतले काही मिळत नसे. ती पडली की वेठीला माणसे धरावयाची आणि पुन्हा उभी करावयाची. वेठ करणारे कोण, हे गावाने ठरवून टाकलेले होते. ज्यांना कुसाच्या आत घर बांधण्याचा अधिकार नव्हता, त्यांनीच ते कुसू उभारावे असा हा न्याय होता. परंपरा सांगते की मंगळवेढ्याची भिंत बांधण्यासाठी असेच महार बांधवांना बोलावण्यात आले. त्यांत चोखोबा होते. काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते आपल्या सोबत्यांसह तिच्याखाली गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. तिथी वैशाख वद्य पंचमी.

एका घनमीटर काळ्या पाषाणाचे वजन पावणेतीन ते तीन टन भरते. एवढा भार काळ्या मातीवर उभा करणे हे नेहमीच धोक्याचे असते, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीला तडे जातात, हे इथला प्रत्येक गवंडी जाणतो. वैशाखात ही माती सर्वाधिक आकसलेली असते. पण भिंत काय करील याची चिंता, भिंतीखाली कोण उभे आहे यावर अवलंबून असते. वेठीच्या माणसासाठी कोणी पाया खोल खणत नाही.

संत नामदेव मंगळवेढ्याला आले आणि त्यांनी त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधून काढल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली गेली. आयुष्यभर ज्या दाराच्या आत त्यांना जाऊ दिले नव्हते, त्याच दाराशी. त्या ढिगाऱ्यात इतरही होते. त्यांची नावे कोणत्याही गाथेत नाहीत.

साडेसहाशे वर्षांनंतर याच पाषाणाने पुन्हा तेच केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीची भूमी हादरली. त्या परिसरातील घरे याच काळ्या दगडाची होती. जाडजूड भिंती, ओबडधोबड गोटे, सांध्यांत नुसती माती, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना एकमेकांशी बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नाहीत. डोक्यावर मातीचे जड धाबे. भूकंपाचा जोर ६.२ रिश्टरच्या आसपास होता. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत; पण इथे आठ ते दहा हजार माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच भिंतींखाली. त्यानंतर अभियंत्यांनी सांगितले तेच हेमाडपंती देवळे बांधणाऱ्या पाथरवटाला ठाऊक होते: दगड दगडाला धरून ठेवील असा बांधा. पाषाण स्वतः कोणाला मारीत नाही. निष्काळजीपणे रचलेला पाषाण मारतो.

कोठार

चोखोबांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी मंगळवेढ्याची दुसरी कथा घडली. पंधराव्या शतकात हा मुलूख बिदरच्या बहामनी सत्तेखाली होता आणि दामाजीपंत इथले अधिकारी होते. १४६० च्या सुमारास दक्षिणेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्याला लोकांनी ‘दामाजीपंतांचा दुष्काळ’ असेच नाव दिले. दुष्काळाला माणसाचे नाव मिळते ते सहसा शाप म्हणून. इथे ते कृतज्ञतेने मिळाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कोठारे भरलेली होती, कारण भूमी काळी होती. या मुलखात धान्य साठवण्याची आणखी एक रीत होती ती पेवाची. काळ्या थराखालच्या कोरड्या मुरमात खोल खड्डा घ्यावयाचा, कडेने कडबा लावावयाचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपावयाचे. हवा आणि ओल न लागल्याने ज्वारी त्यात वर्षानुवर्षे टिके. म्हणजे तीच भूमी पिकवणार आणि तीच भूमी राखणार. सुकाळात साठवलेले दुष्काळात उघडावे, एवढ्यासाठीच तर पेव. परंतु दामाजींच्या ताब्यातील धान्य राजाचे होते. ते वाटणे म्हणजे राजद्रोह. तरीही त्यांनी दार उघडले. बिदरहून बोलावणे आले, दामाजी शिक्षेच्या वाटेवर निघाले, आणि तोवर विठू महार नावाचा एक इसम दरबारात येऊन धान्याची सारी किंमत मोजून गेला. तो कोण होता हे पुढे सर्वांना कळले. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’ने ही कथा घराघरांत पोहोचवली.

तिच्यातील एका तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लोकमनाने विठ्ठलाला सावकाराचे रूप दिले नाही, सरदाराचे दिले नाही, महाराचे दिले. ज्या गावच्या भिंतीखाली चोखोबा गेले, त्याच गावचे ऋण फेडायला देव चोखोबांच्या वेषात आला. चोखोबांना ज्यांनी वेठीला धरले त्यांच्या वंशजांनी पुढे हे कीर्तन ऐकून डोळे पुसले असतील. डोळे पुसून त्यांनी गावकूस मात्र तसेच ठेवले. इतिहासाची ही बाजूही विसरून चालणार नाही.

खडी आणि हमी

१९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या अनेक घरांत अजून ताजी आहे. सलग वर्षे पाऊस रुसला आणि सोलापूर, नगर, सांगली, मराठवाडा येथील काळी रानेही रिती झाली. माती भेगाळली, पण त्या भेगांतून आत जायला पाणीच नव्हते. त्या वेळी लाखो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर गेले. ती कामे कोणती? पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि सर्वांत अधिक खडी फोडणे. हातात हातोडा, पुढे काळ्या दगडांचा ढीग, पदराखाली तान्हे मूल. माती भाकर देईना तेव्हा माणसे दगडाकडे गेली आणि दगड फोडून त्यांनी भाकर मिळवली.

मात्र या वेळी एक फरक होता, आणि तो फार मोठा फरक आहे. या श्रमाला दाम होता. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली संमत केला, तो १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्याने हे तत्त्व देशभर नेले. वेठ आणि हमी यांच्या मध्ये सहा शतके उभी आहेत. दगड तोच, तो उचलणारे हातही पुष्कळसे तेच. परंतु ‘काम दे’ असे राज्याला बजावण्याचा अधिकार त्या हातांना मिळाला. योजनेत उणिवा राहिल्या, मजुरी वेळेवर न मिळण्याच्या तक्रारी झाल्या, हे सारे खरे. तरी चोखोबांच्या सोबत्यांपाशी जे नव्हते ते यात होते. हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव लिहिले जात होते.

भूमीचे ऋण

१९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेचा काठ बदलला. कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला, घरांवर स्लॅब पडले, मुले शिकली. ज्यांच्या वाट्याला पाणी आले त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु काळ्या मातीची प्रकृती पाटाच्या पाण्याला सोसतेच असे नाही. ती पाणी धरून ठेवते, निचरा होऊ देत नाही. भरमसाट पाणी दिले की क्षार वर येतात आणि रान खारवट होते. कृष्णा-नीरेच्या खोऱ्यांनी हा धडा शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. दुसरीकडे, दक्षिणेच्या माळावरील गावांना पिण्याच्या पाण्यासाठीही दीर्घकाळ झगडावे लागले. पाषाण खोलवर पाणी साठवीत नाही. जे काही असते ते मुरमात आणि मांजऱ्यात. तेवढे उपसले की शेकडो फूट विंधन घेऊनही धूळच वर येते. नदीपात्रातली वाळू उपसली जाते, तिथे पुराचे पाणी मुरण्याऐवजी नुसते वाहून जाते. आणि जिच्यामुळे या गावाचे नाव झाले त्या ज्वारीचा पेरा महाराष्ट्रात दशकानुदशके घटत आला आहे.

एक इंच काळी माती तयार होण्यास शतके लागतात, ती वाहून जाण्यास एक वळीव पुरतो. बांध घालणे, नाला अडवणे, माळावर गवत आणि झाड राखणे, या गोष्टी कोणाला लहान वाटतील. आमच्या मते त्या दामाजींच्या परंपरेतल्या आहेत, कारण कोठार उघडण्यापूर्वी कोठार भरावे लागते, आणि इथले पहिले कोठार म्हणजे ही माती. सृष्टी ही आपल्याला मिळालेली ठेव आहे असे आपण प्रार्थनेत म्हणतो. ठेवीचा हिशोब द्यावा लागतो, हेही त्यात आलेच.

आणि चोखोबांचेही एक ऋण उरते. आपल्या शहरांतील इमारती, पूल, रस्ते, आपली चर्चमंदिरेसुद्धा, याच पाषाणावर आणि याच पाषाणाच्या खडीवर उभी आहेत. खाणीत सुरुंग लावणारा, क्रशरच्या धुळीत खोकणारा, पहाडावर झुलणारा मजूर कोण आहे, त्याचे नाव कोणाच्या वहीत आहे का, त्याच्या पायाखालची जमीन कोणी तपासली आहे का, हे प्रश्न १३३८ साली विचारले गेले नाहीत. आज ते विचारण्यास आपल्याला कोणी अडवलेले नाही.

मंगळवेढ्याच्या भूमीने शिकवावयाचे ते शिकवले आहे. अग्नीतून आलेला एकच खडक तिने आपल्या हाती दिला. त्याची भाकर करावयाची की भिंत, आणि भिंत केलीच तर ती कोणाच्या अंगावर पडेल अशी बांधावयाची, हा निर्णय तिने माणसावर सोपवला आहे.